उंटावरून उतरलेली सल्लागार

तर मास्तर गाडीत आडवे. काल सांगता सांगता इथवर आलो होतो आणि घरातून जेवायची हाक आली, म्हणून त्यांना तसंच आडवं ठेवून मला उठावं लागलं. आता आधी त्यांना उठवतो, मग मुद्द्याचं सांगतो.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे टेलरमास्तर. शाळेत माझ्याच बाकावर बसायचे. तेव्हापासून त्यांच्या हातात कायम दोरा आणि माझ्या तोंडात कायम गोष्ट. त्यांना जरा गरगरल्यासारखं झालं म्हणून गावच्या दवाखान्यात गेले. सिस्टरने रक्त घेतलं, नळी गाडीने शहरातल्या रुग्णालयात तपासायला गेली आणि मास्तर घरी येऊन शिवायला बसले. दुपारी फोन आला की रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलंय की हा माणूस चालताफिरता असणं शक्य नाही, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवा. मास्तर त्या वेळी दोन्ही पायांनी मशीन चालवत होते. पण फोनवरचा डॉक्टर खोटं कसं बोलेल? मशीनवरून उतरवून त्यांना रुग्णवाहिकेत आडवं केलं. वहिनी रडायला लागल्या, तसं मास्तरांनाही वाटायला लागलं की आपलं खरंच काही खरं नाही.

वाटेत त्यांनी निरवानिरव केली. मुलांविषयी चकार शब्द नाही. वहिनींचा हात धरून म्हणाले, हेडमास्तरांच्या कोटाला बाह्या लावायच्या राहिल्यात, त्या बाजारातल्या त्या दुसऱ्या टेलरकडे देऊ नकोस, तो बुजगावण्यासारख्या लावतो.

मोठ्या रुग्णालयात पुन्हा रक्त काढलं, तिथल्या तिथे तपासलं, तर पोटॅशियम जिथल्या तिथे. गरगरत होतं ते चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, आधीची तपासणी कुठं केली होती? यांनी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मग असं आधी सांगायचं ना." मास्तर रात्रीच्या आत बसने परत. जाताना आडवे, येताना गर्दीत उभे. आल्या आल्या त्यांनी कोटाच्या बाह्या लावल्या आणि मग पाणी प्यायले.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. घरात एकच माणूस हसलं नाही, ती आमची सूनबाई. आणि सांगायचंय ते तिच्याविषयीच.

आता थोडा नकाशा सांगतो, म्हणजे गोंधळ नको. आमच्याकडे तीन सरकारी दवाखाने, अगदी तीन भावांसारखे. थोरला म्हणजे लांबच्या मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय. त्याला सगळं येतं, निदान त्याला तसं वाटतं. धाकटा म्हणजे आमच्या गावचा दवाखाना. दोन खोल्या, एक सिस्टर, आठवड्यातून काही वेळा डॉक्टर. आणि मधला म्हणजे जवळच्या शहरातलं रुग्णालय. तिथं छोटीशी लॅब आहे आणि आसपासच्या सगळ्या गावांचं रक्त तिथं तपासायला जातं. मधल्या भावाचं घराघरांत होतं तेच याचं झालं होतं. काहीही बिघडलं की याच्याकडे बोट.

सूनबाई थोरल्याकडे नोकरीला, पॅथॉलॉजीची डॉक्टर. पण सुरुवात तिची धाकट्यापासून झाली. शिक्षण संपवून ती नवी नवी आमच्या गावात आली, तेव्हा गावोगाव फिरून पोरांना लस टोचायची. आमच्या हिनं एकदा तिच्याकडून इंजेक्शन घेतलं आणि घरी येऊन मला सांगितलं, टोचलेलं कळलंसुद्धा नाही, इतका हलका हात आहे, ही मुलगी आपल्या घरात आली पाहिजे. मुलाला विचारलं तर तो लाजला. म्हणजे तो स्वतः तीनदा लस घ्यायला जाऊन आला होता, सुईला घाबरणारा माणूस. गणिताचा शिक्षक आहे तो, पण हे गणित आम्हाला उशिरा सुटलं.

पुढे ती आणखी शिकली. आता ती माणसांना टोचत नाही, टोचून आणलेलं तपासते. पण सवय जात नाही. पाहुण्यांशी बोलता बोलता तिची नजर त्यांच्या नखांवर जाते. माझ्या मेहुण्याला तर तिनं चहा द्यायच्या आधी खालची पापणी ओढून दाखवायला सांगितली होती. तेव्हापासून तो आमच्याकडे काळा चष्मा घालून येतो. आणि दुसरी सवय म्हणजे तिला काहीही सांगा, ती विचारणार, "आणि त्याच्या आधी?" मी माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली तर म्हणते, आणि त्याच्या आधी? मी म्हणतो, अगं त्याच्या आधी मी जन्मलो नव्हतो.

तर या सूनबाईची सरकारने त्या भागातल्या सगळ्या सरकारी लॅबसाठी वैद्यकीय सल्लागार म्हणून नेमणूक केली. मी मुलाला विचारलं, म्हणजे नेमकं काय काम? तो म्हणाला, लॅबचं काम कसं सुधारायचं ते तिनं सगळ्यांना सांगायचं. मी म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं नाही तर? तो म्हणाला, ऐकलंच पाहिजे असं काही नाही. मी म्हटलं, मग ठीक आहे, या घरात माझी जी जागा आहे, तीच हिची तिकडे.

पहिलंच काम तिच्यापुढे आलं ते हे. या दवाखान्यांचा कारभार बघणाऱ्या समितीचं जवळजवळ ठरलं होतं की मधल्या रुग्णालयातली लॅब बंद करायची. तिथले आकडे खोटे निघतात, माणसं उगाच पळवली जातात, तेव्हा तिथलं यंत्र उचलून थोरल्याकडे न्यायचं आणि सगळ्या गावांचं रक्तही तिकडेच पाठवायचं. फक्त सल्लागाराचा होकार हवा होता. ही थोरल्याकडची, म्हणजे ही हो म्हणणारच असं सगळे धरून चालले होते. पण लॅब बंद झाली तर आमच्या गावचं रक्त आणखी तितकंच लांब जाणार आणि आज दुपारी कळतं ते उद्या कळणार. बाळंतिणीचं रक्त कमी पडलंय हे उद्या कळून काय उपयोग?

आणि याहून मोठी काळजी तिनं मला जेवताना सांगितली. ती म्हणाली, मास्तरांचा आकडा खोटा निघाला म्हणून सगळे हसले. आता एखाद्याचा खरा आकडा येईल तेव्हाही लोक हसतील आणि घरीच बसतील. रक्तातलं हे मीठ खरोखर चढलं ना, तर हृदय चालता चालता ठेचकाळतं. म्हणून मला हसू येत नाही.

मग मीही हसायचं थांबवलं. पण फार वेळ नाही, तो माझा स्वभाव नाही. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्या शहाण्यांची आपल्याकडे कमतरता नाही आणि सल्लागार म्हटलं की मला तो उंटच दिसतो. म्हणून मी तिला विचारलं, "सूनबाई, सरकार उंट कधी पाठवणार?"

ती म्हणाली, "उंट नको बाबा. मला मामांच्या गाडीत जागा हवी."

मामा कोण ते सांगतोच, पण त्याआधी ती लॅबमध्ये गेली. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणतात. ताईंनी आधीच तोंड फुगवलेलं. थोरल्याकडून आलेली बाई, म्हणजे चुका काढायला आलेली. त्यांनी खुर्ची पुढे केली, तर ही म्हणाली, खुर्ची नको, स्टूल द्या, मला तुमच्या शेजारी बसायचंय. आणि बसली दिवसभर. लहानशी खोली, एका भिंतीला नळ आणि बेसिन, दुसऱ्या भिंतीला नळ्यांची लाकडी घोडी, आणि मधे यंत्र. ताईंनी त्यावर घरून आणलेली नक्षीदार चादर घातली होती, धूळ बसू नये म्हणून. खिडकी उघडी राहत नव्हती, तिला खालून जुनी फाइल लावून ठेवली होती. सूनबाईने यंत्राला ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं पाणी घालून पाहिलं, म्हणजे परीक्षकाने सोडवलेलं गणित पोराला घालून बघावं तसं. यंत्राने बरोबर उत्तर दिलं. पुन्हा घातलं, पुन्हा बरोबर. ताई म्हणाल्या, मी हेच सांगत होते, पण थोरल्यांना फोन लावला की ते हसूनच बोलतात. तेवढं बोलल्या आणि तोंडाची फूग उतरली.

दिवसभर बसल्यावर एक गोष्ट दिसली. जी माणसं पायी चालत रुग्णालयात येत आणि तिथंच हात पुढे करत, त्यांचे आकडे ठीक. चढलेले आकडे सगळे गाडीनं आलेल्या नळ्यांचे. मग काय, ज्याला त्याला कारण सुचायला लागलं. कोणी म्हणालं, रस्त्याला खड्डे आहेत, रक्त हिंदकळतं. कोणी म्हणालं, गावच्या सिस्टर दंड फार आवळतात. बाहेरचा चहावाला म्हणाला, गावाकडची माणसं केळी फार खातात. सूनबाईने सगळ्यांचं ऐकलं आणि शेवटी तिचा तो ठरलेला प्रश्न विचारला, नळी या घोडीत येते, आणि त्याच्या आधी? त्याच्या आधीचं कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आधी मामा होते.

मामा म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. गावागावांतून नळ्या गोळा करून लॅबमध्ये पोचवणारे. जगाचे मामा, माझेसुद्धा, खरं तर माझ्याहून धाकटे. सूनबाई लस टोचत फिरायची तेव्हा तिची गाडीही हेच चालवायचे. तेव्हापासून ते तिलाही ताईच म्हणतात आणि ती त्यांच्यासमोर मोठ्याने बोलत नाही. ओळखायची खूण म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश आणि खांद्यावर स्वच्छ रुमाल. गाडी अशी चालवतात की खड्ड्यालाही वाटावं, आपल्याला मान दिला. हॉर्न वाजवत नाहीत. म्हशी रस्त्यात बसल्या तर खाली उतरून त्यांच्याशी बोलतात.

सूनबाई पुढच्या सीटवर बसली. मी मागे. मी कशाला, असं विचारू नका. घरात बसून गोष्टी कुठून मिळणार?

पहिल्या दवाखान्यापुढे गाडी थांबली. सिस्टर नळ्या घेऊन बाहेर आली. मामांनी दोन्ही सीटच्या मधे ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडलं, दोन्ही हातांनी नळ्या आत ठेवल्या, लहान मुलाला पांघरूण घालावं तसं झाकण लावलं आणि आम्ही निघालो. पेटी लसीची, जुनीच, पण तिला ओरखडा नाही. आत चारही बाजूंनी बर्फाच्या वड्या लावलेल्या, भिंत बांधावी तशा. तो बर्फ रोज मामांच्या घरच्या फ्रीजमध्ये तयार व्हायचा. मामी म्हणतात की त्या फ्रीजमध्ये त्यांना भाजी ठेवायला कधी जागा मिळाली नाही, लग्नात आणलेला फ्रीज सरकारजमा झाला.

दोन-तीन गावं झाल्यावर सूनबाई म्हणाली, मामा, एक नळी बघू? मामांनी गाडी बाजूला घेतली. तिनं नळी हातात घेतली, मुठीत धरली आणि तशीच बसून राहिली. थंडीतून आलेल्या पोराचे हात धरावेत तशी. मग विचारलं, बर्फ रोज असतो का?

"रोज, ताई. एक दिवस चुकला असेल तर नाव बदला."

मला मागून आरशात तिचा चेहरा दिसत होता. डोळे मिटून घेतलेले. मला वाटलं, गाडी लागली.

रुग्णालयात पोचलो. मामांनी एकेक नळी बाहेर काढली, खांद्यावरच्या रुमालाने पुसली, कारण ओलाव्याने वरचं नाव पुसट होतं, आणि कोरडी खडखडीत करून घोडीत रांगेने उभी केली. बर्फाची पेटी पुन्हा गाडीत. ताई आतून आल्या तेव्हा त्यांना दिसल्या त्या फक्त स्वच्छ, कोरड्या, शिस्तीत उभ्या नळ्या. इतकी वर्षं त्यांना तेवढंच दिसत होतं. बर्फ कधी कोणाच्या नजरेला पडलाच नाही. मामांनी थोडा निष्काळजीपणा केला असता, तर ही भानगड पहिल्या आठवड्यात कळली असती.

घरी आल्यावर तिनं मला समजावलं. मी गावच्या शाळेत शिकलो, तिथं पोटॅशियम नव्हतं, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. रक्तातल्या पेशी म्हणजे पोटॅशियमची कोठारं. कोठाराच्या दारावर राखणदार असतात, ते मीठ आतल्या आत ठेवतात. रक्त नळीत काढून तासन्‌तास बर्फात ठेवलं की राखणदार गारठतात, हातपाय आखडतात आणि मीठ दारातून बाहेर सांडतं. यंत्र बाहेरचं मीठ मोजतं आणि खरंखुरं सांगतं की फार आहे. पण ते सांडलेलं नळीत. माणसाच्या अंगात सगळं जागच्या जागी. लसीला थंडी हवी, रक्ताला ती बाधते.

मी म्हटलं, म्हणजे मास्तरांना न्यायची गरजच नव्हती. नुसती त्यांची नळी रुग्णवाहिकेत आडवी घालून पाठवायची.

या वेळी ती हसली. मग म्हणाली, "बाबा, हे मामांना मीच शिकवलंय."

लसीच्या दिवसांतली गोष्ट. ही नवी, वयाने लहान, आणि मामा लसीच्या गाडीवर नवखे. एकदा पेटीत बर्फ वितळलेला निघाला आणि हिनं सगळी लस फेकून दिली. तेव्हा मामांना सांगितलं होतं की पेटी उघडली की बोटं गारठली पाहिजेत, नाहीतर त्या दिवशी मी कोणाला टोचणार नाही. मामांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. पुढे लसीला वेगळी गाडी आली, ही गाडी रक्ताकडे गेली, पेटी तीच राहिली. आता यात काय न्यायचं आणि कसं न्यायचं, हे मामांना नव्याने कोणी सांगितलंच नाही. मग त्यांनी सांगितलेलं तेवढं पाळलं.

आता आली का पंचाईत? बर्फाचं बोलायचं नाही, तर लॅब जाते. बोलायचं, तर मामा जातात. पेन्शन हाताशी आलेला माणूस आणि समितीला तर कोणीतरी धरून दाखवायला हवंच होतं. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत जुनी आहे आणि इथं तर चोरही नव्हता.

मी म्हटलं, बर्फ काढून टाक गुपचूप, आकडे आपोआप सुधारतील, कोणाला काही कळायचं नाही. ती म्हणाली, मग पुढचा मामा पुन्हा बर्फ घालेल. झालेलं का झालं हे सांगितलं नाही तर ते सुधारलं असं होत नाही. आणि आधी मामांना सांगायचं, समितीला नंतर.

दुसऱ्या दिवशी तिनं मामांना समोर बसवून सरळ सांगितलं की मला एक शंका आहे आणि ती तुम्हीच तपासून द्यायची. त्यासाठी रक्त हवं होतं. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, माझं रक्त त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. मग मी बाही वर केली. एकाच दंडातून, एकाच सुईने दोन नळ्या. एक मामांनी बर्फाच्या पेटीत ठेवली, दुसरी तशाच दुसऱ्या पेटीत, पण बिनबर्फाच्या. गावं नेहमीचीच, खड्डे नेहमीचेच, चालवणारे मामाच. लॅबमध्ये पोचल्यावर मामांनी सवयीने दोन्ही नळ्या रुमालाने पुसल्या. कोरडी नळीसुद्धा पुसली.

यंत्र फिरलं. बिनबर्फाच्या नळीप्रमाणे मी तरण्याताठ्यासारखा. बर्फातल्या नळीप्रमाणे मला तातडीने आडवं करून थोरल्याकडे पाठवायला हवं होतं. ताईंनी एकदा यंत्राकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मी त्या वेळी बाहेरच्या चहावाल्याशी केळ्यांवरून वाद घालत होतो.

मामांनी दोन्ही आकडे पाहिले. रुमाल हातातच राहिला. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"मी नाही, मामा. आपण," सूनबाई म्हणाली.

पण मामा बाहेर जाऊन गाडीत बसले आणि गाडी सुरू करेनात. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. काय बोलली ते मला माहीत नाही. मी जवळ जाऊन ऐकलं असतं, पण खिडकीची काच वर होती.

बैठकीला मी पुरावा म्हणून हजर होतो. उगाच सांगत नाही, सूनबाईनेच नेलं. लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, आणि टेबलाच्या टोकाला अध्यक्षसाहेब. मला भिंतीकडेची खुर्ची. सूनबाईने आधी माझे दोन आकडे दाखवले आणि मग माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी उठून नमस्कार केला. जिवंत आहे हे दिसावं म्हणून खोकलोही थोडा.

आता बैठकीचा शेवट काय झाला ते आधी सांगून टाकतो, कारण मास्तरांसारखं तुम्हालाही मी टांगून ठेवणार नाही. लॅब मधल्याकडेच राहिली. यंत्र तिथंच आहे, त्यावर ताईंची चादरही आहे. गावोगावच्या दवाखान्यांत रक्त घुसळून वरचं पाणी वेगळं करायची छोटी यंत्रं आली. मिठाची कोठारं आधीच बाजूला काढली की सांडायचा प्रश्नच उरत नाही. पेटी तीच आहे, आत बर्फ नाही, ऊन लागू नये एवढंच तिचं काम. मास्तरांनी तिला जाड कापडाचा अंगरखा शिवला, बाह्या सोडून सगळं आहे. आणि थोरल्याकडचा तो हसणारा तरुण डॉक्टर आहे ना, त्याला सूनबाईने महिन्यातून एकदा ताईंच्या शेजारी स्टुलावर बसायला पाठवायला सुरुवात केली. आता एखादा आकडा विचित्र आला तर तो आधी ताईंना फोन करतो. मध्यंतरी एका म्हातारीचं पोटॅशियम खरोखर चढलेलं निघालं. ताईंनी फोन केला, इकडे कोणी हसलं नाही, तिकडे कोणी हसलं नाही. म्हातारी वेळेत पोचली. परवा बाजारात भेटली, माझ्याहून ताठ चालत होती.

मामीच्या फ्रीजमध्ये आता भाजी आहे. मामांचा मात्र अजून सकाळी उठल्यावर बर्फ काढायला हात पुढे जातो म्हणतात.

पण हे सगळं झालं ते ज्या एका उत्तरामुळे, ते सांगायचं राहिलंच. बर्फाचं साहेबांना पटलं. यंत्राचा दोष नाही, ताईंचा नाही, हेही पटलं. पण मग त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाले, ठीक आहे, मग हा बर्फ कोणाच्या सांगण्यावरून चालला होता? त्याचं नाव द्या आणि त्याला गाडीवरून हलवा, तेवढं झालं की लॅबचं पुढचं बघू.

मामांना बाहेरून बोलावलं. ते आले, गणवेशाला तीच कडक इस्त्री, खांद्यावर रुमाल. साहेबांनी विचारलं. मामांनी एकदा सूनबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कोणी सांगितलं नव्हतं, साहेब. माझंच शहाणपण."

साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. नाव मिळालं. पेन कागदाला टेकलं. तेवढ्यात सूनबाई उभी राहिली. ती उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसते, इतकी बुटकी, त्यामुळे साहेबांना कळायला जरा वेळ लागला. खोली गप्प झाली. मीही गप्प होतो, यावरून काय ते समजा. साहेबांनी विचारलं, सल्लागार बाईंना यावर काही सांगायचंय का? आणि ती जे म्हणाली ते मी एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगतो:

"मामा, तुम्ही बसा. साहेब, बर्फ मी सांगितला होता, लसीसाठी, आणि मामांनी तो एक दिवसही चुकवला नाही. रक्ताला बर्फ नको हे त्यांना सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं होतं, ते आमच्यापैकी कोणीच केलं नाही. परवा मी ते सांगितलं. आता बाहेर गाडीत पेटी आहे, आत हात घालून बघा, कोरडी आहे. सांगितलेलं इतकं मनावर घेणारा माणूस मला आमच्या घरातसुद्धा मिळालेला नाही. त्यांना काढायचा सल्ला हवा असेल, तर तेवढा दुसऱ्या कोणाकडून घ्या."